ट्रॉलीच्या चाकात कोणते ग्रीस भरावे?



गाळप हंगाम ऐन भरात आला की कारखान्याकडे येणाऱ्या रस्त्यावर रात्री कुठे ना कुठे एखादी उसाची ट्रॉली एका अंगाला झुकून उभी असलेली दिसते. खाली जॅक, चाकांना दगडांची उटी, आणि बॅटरीच्या उजेडात दोघेजण हबात डोके घालून बसलेले. मागून येणारा ट्रॅक्टरवाला विचारतो, "काय झालं?" उत्तर ठरलेले असते, "बेरिंग गेलं." जणू काही बेरिंग स्वतःच्या मर्जीने पाहुण्यांकडे निघून गेले. बेरिंग आपण होऊन सहसा जात नाही. ते घालवलेले असते, आणि बहुतेक वेळा ते हंगामाच्या आधीच, ग्रीस भरताना घालवलेले असते.

यात नुसत्या बेरिंगच्या किमतीचा प्रश्न नाही. तोडलेला ऊस रस्त्यात अडकला की वजनात घटतो, उतारा घटतो, नंबर हुकतो, आणि तोडणी टोळी दुसऱ्या दिवशी फडात बसून राहते. आणि चाक निखळले तर काय होऊ शकते, ते मी स्वतः पाहिले आहे म्हणून हा लेख लिहायला घेतला.

१९९६-९७ च्या हंगामातली गोष्ट. माझी स्वतःची ट्रॉली होती. हंगामाआधी चारही चाके खोलून ग्रीस भरायचे म्हणून बाजारच्या गावातून सुट्टे ग्रीस आणले. प्लॅस्टिकच्या पिशवीत पिवळेधमक, तुकतुकीत. दोन बोटांत धरून ताणले तर गुळाच्या पाकासारखी लांब तार निघे. दुकानदार म्हणाला, "तार बघा, तार! डब्यातल्याला एवढी तार येत न्हाई." आपण गुऱ्हाळावरची माणसे. तार दिसली की पाक उतरला असे समजायची सवय. डब्याच्या मानाने भावही निम्मा. घेतले.

आमच्या फडाकडून डांबरी सडकेला यायला ओढा ओलांडावा लागे. गुडघाभर पाणी, दिवसाकाठी तीन-चार वेळा जाणे-येणे. पंधरा-वीस दिवसांनी मागचे डावे चाक कुरकुरू लागले. ड्रायव्हर म्हणाला, "आण्णा, चाक लई तापतंय." मी म्हटले, "एवढी खेप टाकून ये, उद्या बघू." तो उद्या काही उजाडला नाही. त्याच रात्री उतारावर हब जाम झाला, बेरिंगची आतली रिंग आखावरच फिरू लागली, नट तुटला आणि चाक निखळून ट्रॅक्टरच्याही पुढे धावत गेले. रस्त्याच्या कडेला तोडणी मजुरांच्या कोप्या होत्या. चाक पहिल्या कोपीच्या अलीकडच्या बांधाला धडकून आडवे पडले. बांध आणि कोपी यांच्यात फार तर चार हातांचे अंतर. आत एक बाई लेकराला घेऊन निजलेली होती.

कुणाला काही झाले नाही. पण त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि अजूनही उतारावर ट्रॉली दिसली की माझी नजर पहिल्यांदा चाकावरच जाते.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने उरलेली तीन चाके खोलली. हबात पिवळे ग्रीस कुठेच नव्हते. ताकासारखे पांढरे पाणचट काहीतरी होते आणि रोलरवर तांबूस गंज. मिस्त्रीने बोट घालून वास घेतला आणि म्हणाला, "आण्णा, हे ग्रीस न्हवं, हा साबण हाय!"

तो रागाने बोलला होता, पण बोलला ते अक्षरशः खरे होते.

ग्रीस म्हणजे तेल आणि साबण

ग्रीस म्हणजे घट्ट झालेले तेल नव्हे. त्यात मोठा वाटा तेलाचा, म्हणजे साधारण ऐंशी-नव्वद टक्के, आणि उरलेला भाग मुख्यतः साबणाचा असतो. देवापुढच्या समईत कापसाची वात तेल धरून ठेवते आणि लागेल तसे ज्योतीला पुरवते, तसे साबणाचे बारीक बारीक तंतू तेल धरून ठेवतात आणि रोलर फिरला, दाब आला की थोडे थोडे सोडतात. वंगणाचे काम मुख्यतः तेल करते. साबणाचे काम तेलाला जागेवर ठेवण्याचे. नुसते तेल हबात ओतले तर ते दोन दिवसांत सीलमधून गळून टायरवर येईल.

आता साबण कशाचा, यावर सगळे अवलंबून आहे. चरबी किंवा तेलात क्षार घालून साबण करतात. क्षार सोड्याचा असेल तर सोडियम ग्रीस, चुन्याचा असेल तर कॅल्शियम ग्रीस, लिथियम नावाच्या धातूचा असेल तर लिथियम ग्रीस.

सोड्याचा साबण म्हणजे आपल्या घरातल्या कपड्यांच्या वडीचाच भाऊबंद. पाणी लागले की विरघळतो, फेस होतो. माझ्या हबात नेमके हेच झाले होते. सोडियमचे ग्रीस उष्णता बरी सोसते, त्याला तंतू लांब असतात म्हणून तार सुरेख येते, कोरड्या जागी ते चांगले कामही देई. पण ओढ्याच्या पाण्यात त्याची वडी विरघळावी तशी गत होते. मोठ्या कंपन्यांच्या डब्यांतून हे ग्रीस आता जवळजवळ दिसेनासे झाले आहे. पिशवीतल्या सुट्ट्या मालात मात्र काय असेल हे देवालाच ठाऊक. तेव्हा तार बघून ग्रीस घेऊ नये. तार पाकाची बघावी.

चुन्याचा साबण पाण्यात विरघळत नाही. याचा पुरावा प्रत्येकाच्या विहिरीवर आहे. जड पाण्याची विहीर असली की साबणाला फेस येत नाही आणि बादलीच्या कडेला पांढरट चिकट साका धरतो. तो साका म्हणजे पाण्यातला चुना आणि आपला साबण यांचा झालेला चुन्याचा साबण. कितीही पाणी ओता, तो जात नाही. म्हणूनच कॅल्शियमचे ग्रीस पाण्यात टिकते. पंपांना, चेसिसच्या पिनांना ते वर्षानुवर्षे वापरले गेले. जुने लोक त्याला कप ग्रीस म्हणत. त्याचा दोष वेगळा. साध्या कॅल्शियम ग्रीसची घडण आत धरलेल्या थोड्याशा पाण्यावर उभी असते. साठ अंशांच्या पुढे त्याचा भरवसा धरू नये. शंभराच्या आसपास ते पाणी उडाले की साबण आणि तेल वेगळे होते, आणि थंड झाल्यावरही पुन्हा एकजीव होत नाही. दूध नासल्यावर पुन्हा दूध होत नाही, तसे.

लिथियमच्या ग्रीसने या दोन्ही अडचणी बऱ्याच प्रमाणात सोडवल्या. गेल्या शतकात चाळीसच्या दशकात ते अमेरिकेत पुढे आले आणि नंतर जगभर पसरले. ते पाण्याला बऱ्यापैकी दाद देत नाही आणि साधारण १८० अंशांपुढे जाईपर्यंत वितळून गळत नाही. (गळण्याचा अंश म्हणजे वापरायचा अंश नव्हे. सतत वापरासाठी १२० च्या आतच धरावे.) यातली गंमत अशी की चांगल्या लिथियम ग्रीसचा साबण ज्या स्निग्धाम्लापासून करतात ते एरंडेलापासून मिळते. आणि जगात सर्वात जास्त एरंडी पिकवणारा देश आपलाच, त्यातही गुजरात पुढे. आपले आजे-पणजे लाकडी गाडीच्या कण्याला एरंडेलाचे वंगण घालत आणि गाडीखाली वंगणाचे नळकांडे लटकत असे. ते एरंडेल आता कारखान्यातून फिरून डब्यात भरून पुन्हा आपल्याच चाकात येते.

डब्यावर काय वाचावे

दुकानात आपण म्हणतो, "एपी-३ द्या." यातला ३ हा ग्रीस किती घट्ट आहे ते दाखवणारा आकडा. ठरावीक वजनाची शंकूसारखी अणकुची ग्रीसवर सोडतात आणि पाच सेकंदांत ती किती खोल रुतली ते मोजतात. दोन नंबरचे ग्रीस म्हणजे २५ अंश उष्णतेला साडेसव्वीस ते साडेएकोणतीस मिलिमीटर, तीन नंबरचे म्हणजे बावीस ते पंचवीस. आकडा मोठा तितके ग्रीस घट्ट. हा आकडा दर्जाचा नव्हे. तीन नंबर म्हणजे दोन नंबरपेक्षा उंची माल, असा बऱ्याच जणांचा समज असतो, तो चुकीचा आहे. ज्वारीचे पीठ सैल मळले की घट्ट, एवढाच तो फरक.

ट्रॉलीच्या चाकाला दोन किंवा तीन, दोन्ही चालतात. माझे मत विचाराल तर हाताने भरायचे असेल, सील थोडे जुने असेल आणि फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात खेपा करायच्या असतील तर तीन नंबर जागेवर नीट राहते. ग्रीस गनने मारायच्या जागांना दोन नंबर बरे.

नंबरापेक्षा महत्त्वाची असते ती आतल्या तेलाची दाटी, जिच्याकडे कोणी बघत नाही. ट्रॉलीचे चाक किती फिरते, याचा हिशेब करू. टायरचा व्यास साधारण एक मीटर धरला तर एका फेऱ्यात सव्वातीन मीटर अंतर कापले जाते. ताशी वीस किलोमीटरने ट्रॉली चालली तर चाक मिनिटाला शंभर-सव्वाशे फेरे घेते. म्हणजे वेग अगदी कमी आणि वजन मात्र भयंकर. मोटारगाडीचे नेमके उलटे. हळू फिरणाऱ्या, जड ओझ्याच्या बेरिंगला दाट तेल लागते, नाही तर रोलर आणि कप यांच्यामधला तेलाचा पडदा फाटतो आणि लोखंड लोखंडाला लागते. कंपनीच्या माहितीपत्रकात ४० अंशांची स्निग्धता दिलेली असते. तो आकडा १५० ते २२० किंवा त्याहून थोडा वर असावा. डब्यावर ईपी ही अक्षरे असली तर जास्त दाबाला टिकण्याचे औषध त्यात घातले आहे असे समजावे. उसाच्या ट्रॉलीला ईपी असलेलेच घ्या.

वेग कमी असल्यामुळे आणखी एक गोष्ट निघते. काही विक्रेते अडीचशे अंशांपर्यंत न वितळणारे लिथियम कॉम्प्लेक्स ग्रीस गळ्यात मारतात. ते चांगलेच आहे, वाईट नाही. पण ते घाटात डिस्क ब्रेक लावणाऱ्या गाड्यांसाठी. आपल्या कितीतरी ट्रॉल्यांना धड ब्रेकच नाहीत (हा वेगळा आणि मोठा विषय आहे, पुन्हा कधी तरी). जिथे ब्रेकची उष्णता नाही, तिथे हब ऐंशी अंशांवर गेला तर दोष ग्रीसचा नाही. नट जादा आवळला आहे, नाही तर बेरिंग आधीच गेले आहे. महाग ग्रीस भरून ते झाकता येत नाही.

आपल्या ट्रॉलीचे खरे शत्रू तीन : पाणी, फुफाटा आणि ओझे. ज्यांची ट्रॉली कोरड्या रस्त्याने येते त्यांना लिथियम ईपी पुरे. ज्यांना ओढा, नदीचा उतार किंवा पाण्याखालची फरशी रोज ओलांडावी लागते त्यांनी लिथियम-कॅल्शियम मिश्र साबणाचे, किंवा जमल्यास कॅल्शियम सल्फोनेट जातीचे ग्रीस घ्यावे. हे दुसरे महाग असते, पण पाण्यात धुऊन जात नाही आणि गंज धरू देत नाही. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात उतरणाऱ्या चाकांनाही तेच वापरतात.

रंगावर जाऊ नये. लाल, निळा, हिरवा हे घातलेले रंग आहेत, त्यांना अर्थ नाही. काळे असेल तर मात्र विचारावे. त्यात ग्राफाइट किंवा मॉलिब्डेनमची पूड असते. अशी पूड घासणाऱ्या भागांना उपयोगी, म्हणजे टर्न टेबल, हूक, पिना. फिरणाऱ्या रोलरला तिची गरज नाही, आणि ग्राफाइटचे ग्रीस तर चाकाच्या बेरिंगमध्ये मुळीच भरू नये.

घरच्या घरी एक वरवरची परीक्षा करता येते. बोराएवढे ग्रीस तळहातावर घेऊन त्यावर चमचाभर पाणी टाका आणि चोळा. लगेच दुधासारखे पांढरे होऊन निसरडे झाले आणि धुऊन निघाले तर ते ओढ्याच्या वाटेचे नव्हे. ही काही प्रयोगशाळा नाही, पण एवढे केले असते तर १९९६ साली माझे चाक वाचले असते.

पाणी हबात शिरते कसे

समुद्रकाठी नाव ट्रेलरवर घालून आणतात आणि तो ट्रेलर मागे ढकलत चाकांसकट पाण्यात उतरवून नाव सोडतात. परदेशात हे घरोघर चालते. त्या ट्रेलरांची बेरिंगे भराभर जाऊ लागली म्हणून कारण शोधले गेले, ते आपल्याला जसेच्या तसे लागू आहे.

चालून चालून हब तापतो. आतली हवा फुगते आणि सीलच्या कडेने थोडी बाहेर निसटते. मग तापलेला हब एकदम गार पाण्यात जातो. हबातली हवा ७० अंशांवरून २५ वर आली तर तिचा जवळजवळ आठवा हिस्सा आक्रसतो. आत पोकळी होते, आणि ती पोकळी पाण्याला ओढून घेते. थोडक्यात हब पाणी पितो. सील चांगले असले तरी थोडे पितो, सील झिजलेले असले तर घटाघट पितो. नावांच्या ट्रेलरला यावर स्प्रिंगची टोपी निघाली, ती ग्रीसवर सतत हलका दाब ठेवते. आपल्याकडे ती मिळाली नाही तरी चालेल. ओढ्यापाशी पाच-दहा मिनिटे थांबून हबाला हात लावून बघा. हात पाच मोजेपर्यंत ठेवता येत नसेल तर पाण्यात घालू नका. तेवढ्यात चहा होतो.

वॉशिंग सेंटरवर पोरे फवाऱ्याची नळी थेट हबाच्या मागे धरतात. ट्रॉली चकाचक होते आणि जोराचे पाणी सीलच्या ओठाखालून आत जाते. तेवढे टाळावे.

पुराचे पाणी तर याहून वाईट. २०१९ च्या ऑगस्टात आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या गावांत पाणी शिरले, तेव्हा कितीतरी ट्रॉल्या पाण्याखाली होत्या. पूर ओसरल्यावर घरातला चिखल काढायचा, जनावरांचे बघायचे, पंचनाम्याला उभे राहायचे, त्यात ट्रॉलीची चाके कोण खोलतो? पण पाण्यात बुडालेल्या हबात पाण्याबरोबर गाळ जातो. तो वाळल्यावर ग्रीसची खरकागदासारखी पेस्ट होते. अशा ट्रॉलीला वरून ग्रीस मारून उपयोग नाही. चाके खोलून, धुऊन, सील बदलूनच पुढचा हंगाम धरावा.

भरण्याची रीत

चांगले ग्रीस वाईट रीतीने भरले तर पैसे वाया. जुने सगळे काढावे. जुन्यावर नवे चोपडणे ही सर्वात मोठी चूक. कारण साबणांचे आपसात पटतेच असे नाही. लिथियम आणि कॅल्शियम साधारण जमवून घेतात. लिथियम आणि सोडियम यांचे जमत नाही. मातीच्या, म्हणजे बेंटोनाइटच्या ग्रीसचे लिथियमशी जमत नाही, आणि विजेच्या मोटारींना वापरतात त्या पॉलियुरियाचेही नाही. न जमणारी दोन एकत्र झाली की बहुतेक वेळा मिश्रण सैल होऊन गळू लागते. दोन्ही डबे चांगल्या कंपनीचे असले तरी.

बेरिंग डिझेलमध्ये ब्रशने धुवावे, दोनदा, दुसऱ्यांदा स्वच्छ डिझेलमध्ये. मग पुसून पूर्ण वाळवावे. पंक्चरवाल्याच्या हवेच्या नळीने बेरिंग गरगरा फिरवण्याची पोरांना फार हौस असते. तसे अजिबात करू देऊ नका. कोरडे बेरिंग त्या वेगाने फुटते आणि रोलर डोळ्यात जाऊ शकतो.

धुतलेले बेरिंग हातात घेऊन वाचावे. रोलर राखी, चकचकीत, गुळगुळीत असतील तर पुन्हा वापरा. निळसर-तपकिरी झाक असेल तर ते तापलेले आहे. खवले निघालेले, खड्डे पडलेले असतील तर गेलेले आहे. आणि कपावर रोलरांच्या अंतराअंतरावर काळपट आडवे पट्टे दिसले तर ट्रॉली पावसाळाभर एकाच जागी उभी होती आणि आत पाणी होते, हे नक्की. नवी जाळी घातली तर कपही नवाच घालावा. बेरिंगची जोडी फोडू नये.

ग्रीस भरताना तळहातावर गोळा घ्यावा आणि बेरिंगची रुंद बाजू त्यावर दाबत दाबत ओढावी. वरच्या बाजूने रोलरांच्या फटींतून ग्रीस शेवयांसारखे बाहेर आले की तेवढा भाग भरला. असे फिरवत फिरवत पूर्ण बेरिंग भरावे. बाहेरून लेप दिलेले बेरिंग दिसायला भरलेले, आतून उपाशी असते. हबाच्या पोकळीत कडेने थर द्यावा, पण हब गच्च भरू नये. गच्च भरले की ग्रीस आतल्या आत घुसळत राहते, तापते आणि शेवटी सील ढकलून बाहेर येते. टोपी अर्धी भरावी. जास्त म्हणजे चांगले, हे खताला जितके खोटे तितकेच ग्रीसला.

सील दर वेळी नवे घालावे. सगळ्या जोडकामात स्वस्त वस्तू तीच, आणि नेमकी तीच वाचवायला जातात. सीलची स्प्रिंग असलेली बाजू ग्रीसकडे, म्हणजे हबाच्या आत. पाण्यातून जाणाऱ्यांनी दोन ओठांचे सील मिळाले तर घ्यावे.

आता नट. चाक हाताने फिरवत फिरवत नट आवळावा, चाक जड वाटू लागेपर्यंत. म्हणजे बेरिंग नीट बसते. मग नट सहावा ते पाव फेरा मागे सोडून जवळच्या खाचेत नवी स्प्लिट पिन घालावी. जुनी सरळ करून पुन्हा घालू नये, पिनेची किंमत चहाहून कमी आहे. चाक धरून आत-बाहेर हलवले तर वहीच्या एका कागदाच्या जाडीइतका खेळ हाताला जाणवला पाहिजे. अजिबात खेळ नसेल तर चाक तापणार. टकटक वाजत असेल तर सैल आहे. पहिल्या दोन खेपांनंतर हबांना हात लावून बघा. चारपैकी एकच तापला तर तो खोला.

हे केव्हा करावे, यावर माझे मत थोडे वेगळे आहे. आपण दसऱ्याच्या तोंडावर ट्रॉल्या खोलतो. खंडेनवमीला हत्यारे पुजायची, ट्रॉलीला झेंडू बांधायचा, ते ठीकच आहे. पण खरे काम हंगाम संपल्या संपल्या, ट्रॉली गोठ्यामागे लावण्याआधी करावे. हंगामभर प्यायलेले पाणी हबात तसेच ठेवून ट्रॉली जूनपासून सप्टेंबरपर्यंत उभी राहिली की ते पाणी चार महिने एकाच जागी लोखंड खात बसते. दसऱ्याला तुम्ही भरता ते नवे ग्रीस, पण बेरिंग तोवर आतून गेलेले असते. मार्च-एप्रिलमध्ये भरा, पावसाळ्यात महिन्यातून एकदा ट्रॉली हातभर पुढे-मागे ढकला, आणि दसऱ्याला नुसती टोपी काढून बघा.

बैलगाडीवाल्यांसाठी

तोडणीसाठी बाहेरून येणारे बांधव टायरगाडीने ऊस आणतात. त्या गाडीच्या चाकातही बेरिंगच असते आणि त्यात ग्रीस लागते, हे बहुधा कुणाच्या लक्षात नसते, कारण गाडी कारखान्याची आणि बैल त्यांचे. बैलगाडीचे चाक इतके हळू फिरते की ते तापायचा प्रश्नच नाही. म्हणून इथे महागडे ग्रीस नको. पाण्याला टिकणारे साधे कॅल्शियमचे चेसिस ग्रीससुद्धा चालते, फक्त बेरिंग आधी धुतलेले हवे. कोरडे किंवा गंजलेले बेरिंग ट्रॅक्टरला कळत नाही, तो थोडे डिझेल जास्त पितो. बैलाला मात्र ते प्रत्येक पावलाला खांद्यावर कळते. ज्यांच्या शेतावर टोळी उतरली आहे त्या सभासदांनी संध्याकाळी गाड्या सुटल्या की एकदा चाक उचलून फिरवून बघावे. हाताने ढकललेले मोकळे चाक दोन-चार फेरे सहज घेते. लगेच थांबले, किंवा घरघर ऐकू आली, तर मुकादमाला सांगून दुसऱ्या दिवशी गाडी जुंपण्याआधी खोलून घ्यावे.

ट्रॅक्टरच्या पेटीत हंगामभर एक आतले मोठे बेरिंग, एक बाहेरचे लहान, एक सील, चार-सहा स्प्लिट पिना आणि ज्या ग्रीसने चाके भरली त्याच ग्रीसचा झाकण घट्ट लागणारा लहान डबा असू द्यावा. सुट्टे ग्रीस उघड्या डब्यात ठेवले की त्यात पाचट आणि माती जाते. आणि चाके भरल्याची तारीख व ग्रीसचे नाव ट्रॉलीच्या चेसिसवर पांढऱ्या रंगाने लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी ड्रायव्हर बदलला तरी कशात काय भरले आहे ते नव्याला विचारावे लागणार नाही.